गाडी रुसते तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी आपल्या वर्धापनदिनी कोणी लोणच्या-मुरंब्यांविषयी बोलते, कोणी मुलांच्या आहाराविषयी, कोणी भरतकामाविषयी. यंदा कार्यकारिणीने मला उभे केले आणि विषय दिला तो मोटारीच्या बॅटरीचा! आमच्या अंगणात बोनेट उघडून मी पाना फिरवीत असते, हे येता-जाता पुष्कळांनी पाहिले आहे. त्याचाच हा परिणाम. मी काही मेकॅनिक नव्हे. पण आज आपल्या आळीत दोन घरांआड एक गाडी आहे, आणि त्या चालविणाऱ्या बायकाही कमी नाहीत. तेव्हा सकाळी गाडी रुसली तर आधी काय पाहावे, हे आपल्याला ठाऊक असलेले बरे.

मला सांगायचे आहे ते एवढेच. बॅटरी, सेल्फ आणि अल्टरनेटर ही तीन भावंडे आहेत आणि एकाचा दोष दुसऱ्याच्या अंगावर सहज जातो. खरा दोषी कोण हे ठरल्याशिवाय बटव्याची गाठ सोडू नये.

प्रथम तिघांची कामे समजून घेऊ. बॅटरी म्हणजे घरातला पाण्याचा रांजण. सेल्फ, ज्याला पुस्तकात स्टार्टर मोटर म्हणतात, तो म्हणजे पहाटे एकदम चार-सहा घागरी उपसून घेणारा माणूस. आणि अल्टरनेटर म्हणजे दिवसभर विहिरीवरून पाणी आणून तो रांजण पुन्हा भरणारा गडी. आपण किल्ली फिरविली की बॅटरीतली वीज जाड तारेने सेल्फकडे जाते. सेल्फचे छोटे दातेरी चाक पुढे सरकते, इंजिनाच्या मोठ्या दातेरी चाकात अडकते आणि त्याला फिरविते. इंजिन सुरू झाले की ते मागे येते. मग इंजिनावरचा पट्टा अल्टरनेटर फिरवितो आणि खर्च झालेली वीज बॅटरीत परत भरली जाते.

आता पाहा, रांजण रिकामा दिसला म्हणून आपण नवा आणला, पण पाणी भरणारा गडीच आजारी असेल तर? नवा रांजणही दोन दिवसांत कोरडा. नवी बॅटरी घातली आणि आठवड्यात गाडी पुन्हा बंद पडली, असे आपण ऐकतो, त्याच्या मागे बहुधा हेच असते.

दोष ओळखण्यास आधी कान आणि डोळे पुरतात. किल्ली फिरविल्यावर "टकटकटकटक" असा भराभर आवाज आला आणि दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली आहे, किंवा तिची टर्मिनले सैल अथवा गंजलेली आहेत. दिवे लख्ख, पण एकच "टक" होऊन पुढे काही नाही, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या तारांवर. सगळेच गप्प, दिवासुद्धा लागत नाही, तर बॅटरी पार उतरलेली किंवा तार सुटलेली. आणि इंजिन चालू असताना समोर बॅटरीचे लाल चित्र पेटून राहिले, तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहावा. सेल्फ नुसताच भर्रकन फिरतो, इंजिन फिरत नाही, असे झाले तर सेल्फचे दातेरी चाक पकड घेत नाही असे समजावे.

पण कानावर भागत नाही, हे मला आमच्याच गाडीने दाखविले. आमच्या मामंजींना आठवड्यातून दोन वेळा डायलिसिससाठी तालुक्याला न्यावे लागते. ह्यांची कारखान्यात पाळी असते, म्हणून मारुती आठशे मीच चालविते. डायलिसिस चुकवून चालत नाही. दोन दिवसांत अंगावर सूज येते, दम लागतो. एका पावसाळ्यात पहाटे मामंजी गाडीत बसले, मी किल्ली फिरविली, तर "टक" एवढाच आवाज. दिवे मात्र छान लागलेले. शेजारच्या दोघा मुलांनी ढकलले, मी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला आणि गाडी सुरू झाली. वेळेवर पोहोचलो. परतताना एका गॅरेजात दाखविली, तेव्हा न तपासताच उत्तर मिळाले, "बॅटरी, सेल्फ, डायनामो, तिन्ही गेले. बदलून टाका." तिन्हीचा खर्च म्हणजे मामंजींच्या कित्येक आठवड्यांच्या औषधांचे पैसे! "उद्या सांगते" म्हणून मी गाडी घरी आणली.

घरी मीटर होता. विजेची दुरुस्ती करणारे लोक वापरतात तो मल्टिमीटर. हार्डवेअरच्या किंवा विजेच्या सामानाच्या दुकानात साधासा मिळतो. त्याची कळ डीसी २० व्होल्टवर ठेवायची, लाल काडी अधिकला आणि काळी उण्याला लावायची. मी सातवी शिकलेली. पण हा आकडा वाचण्यास त्याहून जास्त शिक्षण लागत नाही. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. किल्ली फिरवून सेल्फ चालू असताना आकडा खाली येतो, पण साधारण १० च्या खाली फार जाऊ नये. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसले की अल्टरनेटर काम करतो आहे. १३ च्या वर चढतच नाही, तर तो वीज देत नाही. १५ च्या वर गेला, तर त्याचा रेग्युलेटर बिघडला आहे. तो बॅटरीचे पाणी उकळून टाकील. अगदी नव्या गाड्यांत संगणक हा आकडा कमी-जास्त करतो, तिथे थोडा फरक दिसेल.

आमच्या बॅटरीवर सकाळी १२.५ दिसले. म्हणजे ती ठीक. मग मी काळी काडी बॅटरीच्या उण्या खुंटीवर आणि लाल काडी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरली आणि जाऊबाईंना किल्ली फिरविण्यास सांगितले. तिथे खरे म्हणजे अर्ध्या व्होल्टाच्याही आत दिसावयास हवे. दिसले चारच्या वर! अर्थ उघड होता. बॅटरीपासून इंजिनाकडे जाणारी अर्थची जाड तार मध्ये अडून बसली होती. तिचे टोक सोडले, तर पावसाळी हवेने हिरवे-पांढरे किटण चढलेले. पॉलिश पेपरने ते घासून लखलखीत केले, बोल्ट आवळला आणि पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली. मग पाहिले तर १४.१ व्होल्ट. तिन्ही भावंडे निर्दोष! खर्च झाला तो पॉलिश पेपरच्या एका तुकड्याचा.

अर्थात वस्तू कधीतरी संपतातच. पुढे त्या बॅटरीचे वय झाले आणि ती मीच घरी बदलली. तिची रीत सांगते. कृपा करून ही नीट लक्षात ठेवावी.

आधी किल्ली काढून घ्यावी आणि हातांतल्या सोन्याच्या बांगड्या, अंगठ्या काढून ठेवाव्यात. मंगळसूत्र काढावयाचे नसेल तर ब्लाउजच्या आत घट्ट सरकवावे. धातूने अधिकची खुंटी आणि गाडीचे लोखंड एकदम जोडले गेले, तर तो दागिना क्षणात लाल होतो आणि हाड दिसेपर्यंत भाजते. पदर खोचावा, वेणी बांधावी. बॅटरीजवळ उदबत्तीसुद्धा नको; तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो. आत गंधकाचे तेजाब असते, म्हणून चष्मा आणि रबरी हातमोजे घालावेत. अंगावर उडालेच तर भरपूर पाण्याने धुवावे, आणि डोळ्यात गेले तर पाण्याची धार धरून थेट डॉक्टर गाठावा.

सोडताना उणी तार आधी, मग अधिकची. जोडताना बरोबर उलट. अधिक आधी, उणी शेवटी. कारण सोपे आहे. गाडीचे सारे लोखंड उण्याला जोडलेले असते. उणी सोडली की अधिकवर फिरणारा पाना चुकून लोखंडाला टेकला तरी ठिणगी उडत नाही. मग बॅटरी धरून ठेवणारी पट्टी काढावी. लहान गाडीच्या बॅटरीचे वजन दहा किलोच्या आसपास असते. ती सरळ उचलावी, तिरकी करू नये. खालच्या तबकावर पांढरे किटण असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्यावर टाकावा, फेस येऊन तेजाब मरते. मग स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे करावे. नवी बॅटरी त्याच ताकदीची, त्याच मापाची, आणि अधिकची खुंटी त्याच बाजूला असलेली घ्यावी. ती केव्हा तयार झाली ते पाहावे आणि हमीपत्रावर दुकानाचा शिक्का घ्यावा. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांना निराळ्या जातीची बॅटरी लागते, ते आधी विचारावे. तारा आवळल्यावर खुंट्यांना बोटभर व्हॅसलीन चोळावे, म्हणजे किटण लवकर चढत नाही. शेवटी इंजिन चालू करून मीटर लावावा.

सेल्फ आणि अल्टरनेटर काढणे हे थोडे पुढचे काम आहे. सेल्फचा बहुधा दोन बोल्टांवर मुक्काम असतो, पण त्याला येणाऱ्या जाड तारेत वीज सदा हजर असते. म्हणून बॅटरीची उणी तार सोडल्याशिवाय तिथे हात घालू नये. तारा सोडण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढावा, म्हणजे जोडताना वाद नको. गाडीखाली जाण्याची वेळ आली तर नुसत्या जॅकवर कधीही विश्वासू नये. खाली पक्के टेकू हवेत. आमचा सेल्फ पुढे खरोखरच बिघडला, तेव्हा मी आणि भाऊजींनी तो उतरविला आणि वायरमनच्या बाकावर नेऊन ठेवला. आतले कार्बन झिजले होते. कार्बन आणि बुश बदलले, काम झाले. नवा सेल्फ घ्यावा लागला नाही. अल्टरनेटरचेही तसेच. त्यातले कार्बन, बेअरिंग, रेग्युलेटर, डायोड हे सुटे बदलता येतात. आधी पट्टाच पाहावा. आमच्यासारख्या जुन्या गाडीत तो अंगठ्याने दाबला तर सुमारे एक सेंटीमीटर दबावा. ढिला असेल तर किंचाळतो आणि वीज भरत नाही; फार ताणला तर बेअरिंग खातो. नव्या गाड्यांत हे भाग फार अडचणीत बसविलेले असतात. तिथे निदान आपण करावे आणि हात वायरमनला घालू द्यावा.

दोन गोष्टी मात्र कोणालाही करू देऊ नयेत. इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढून पाहणे ही जुनी रीत डायनामोच्या काळातली. आज त्याने अल्टरनेटरचे डायोड आणि गाडीचा संगणक जळू शकतो. आणि हायब्रिड किंवा विजेच्या गाडीतल्या नारिंगी रंगाच्या जाड तारांना आपण हातच लावू नये. तिथली वीज जीव घेते.

जुनी बॅटरी परसात ठेवू नये, रस्त्यावरच्या भंगारवाल्यालाही देऊ नये. तिच्यात शिसे असते आणि ते लहान मुलांच्या मेंदूला विष आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्यावी; तिचे पैसेही वजा करून मिळतात. २०२२ पासून सरकारचे बॅटरी कचऱ्याचे नियमही हेच सांगतात.

"हे बायकांचे काम का?" असे कोणी विचारील. पूर्वी गाडी सुरू करण्यास समोर लोखंडी हँडल घालून जोराने फिरवावे लागे, आणि ते उलटले की मनगट मोडे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९११ मध्ये विजेचा सेल्फ करून दाखविला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो आला. तेव्हापासून मनगटाच्या जोराचा प्रश्न उरला नाही. आणि त्याच्याही आधी, ऑगस्ट १८८८ मध्ये, जर्मनीतल्या बेर्था बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनविलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेल्या. सुमारे १०६ किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या टाचणीने मोकळी केली, आणि ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. तेव्हा बाईही चाळिशीला टेकलेल्या होत्या!

माझी मंडळाला एक सूचना आहे. शिलाई यंत्र जसे आपण सर्वांसाठी घेतले, तसा एक मल्टिमीटर आणि जंपर तारांची एक जोडी मंडळाने घ्यावी आणि ती चिटणीस ताईंकडे असावी. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी शनिवारी दुपारी आमच्या अंगणात यावे. येताना आपापली गाडी आणावी, आणि बांगड्या घरी ठेवाव्यात.