‘किरकोळ साफसफाई’ खात्याचा हिशोब

(रौप्यमहोत्सवी सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या माजी खजिनदारांनी केलेलं भाषण. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे. — संपादक मंडळ)



अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘आपली सोसायटी आणि प्राणिसेवा’. मी भाषणं करणारा माणूस नाही. बँकेत चौतीस वर्षं आकडे लिहिले, त्यानंतर नऊ वर्षं इथला खजिनदार होतो. सेवा, करुणा असले मोठे शब्द मला पेलत नाहीत. हिशोब देता येईल, तोच देतो. जमेची बाजू तुम्हाला माहीत आहे, आनंदमेळ्याचे फोटो या स्मरणिकेत आहेतच. म्हणून आधी नावेची बाजू.

साल २००८. सोसायटी नऊ वर्षांची होती. आपल्या मेन गेटपाशी तेव्हा पाच कुत्री असायची. नावं वॉचमननी ठेवलेली. त्यात लाली नावाची एक तांबडी कुत्री होती. रात्रपाळीच्या वॉचमनबरोबर ती राउंडला जायची, अगदी पंप हाऊसपर्यंत. त्या मे महिन्यात तिला पिल्लं झाली, स्कूटर पार्किंगच्या मागे. सी विंगमधली सात वर्षांची एक मुलगी चेंडू काढायला तिथे वाकली आणि लाली तिच्या पोटरीला चावली.

मुलीला इंजेक्शनं दिली, ती बरी झाली. पण सोसायटी घाबरली, आणि घाबरणं चूक नव्हतं. विशेष सर्वसाधारण सभा झाली. इतकी हजेरी पाण्याच्या प्रश्नालाही कधी नव्हती. ठराव एकमताने पास झाला, ‘योग्य ती कार्यवाही करावी.’ एका सभासदाच्या ओळखीचा कुणी टेम्पोवाला होता. एका पहाटे पाच वाजता तो आला, दोन माणसं आणि पोती घेऊन. साडेतीन हजार रुपये रोख. व्हाउचर मी लिहिलं. खर्चाचा तपशील काय लिहावा, यावर पेन दोन मिनिटं थांबलं होतं. मग लिहिलं, ‘किरकोळ साफसफाई’. खाली माझी सही. ऑडिटरने विचारलंसुद्धा नाही.

पाचही कुत्री कुठे सोडली, ते मला माहीत नाही. पिल्लांनी डोळे उघडून आठवडा झाला असेल. ती बरोबर नेली की नाही, हेही मी त्या माणसाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

मंडळी, माणूस म्हणून जे झालं ते झालं. पण खजिनदार म्हणून सांगतो, तो खर्चही पाण्यातच गेला. चार-पाच रात्री गेट शांत होतं. पावसाळा सरता सरता नवी सात कुत्री आली. नाक्यावरचं मटणाचं दुकान तिथेच, आपल्या कचऱ्याच्या कुंड्या उघड्या, आणि जागा रिकामी. कुत्र्यांचा मुलूख असा रिकामा राहत नाही, शेजारची येऊन बसतात. ही नवी कुत्री कुणाच्या ओळखीची नव्हती, रात्रभर भांडायची. वॉचमन म्हणाला, ‘साहेब, पहले वाले अपने थे.’

मुंबईला हा अनुभव फार जुना आहे. १८३२ साली तिथे मोकाट कुत्री मारण्याच्या हुकमावरून पारशी मंडळींनी एवढी निदर्शनं केली की फोर्टात दंगल झाली. आज जवळजवळ दोनशे वर्षांनी मुंबईत कुत्री आहेतच. त्याच मुंबईत परळला १८८३ मध्ये जनावरांसाठी बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल उभं राहिलं, तेही आहे. दोन्हींतलं उपयोगी काय ठरलं, ते मी सांगायला नको.

आणि आपण केलं ते बेकायदा होतं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा. त्याखाली कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम २००१ मध्ये आले. नसबंदी करा, रेबीजची लस द्या आणि जिथून उचललं तिथेच परत सोडा, असं त्यात होतं. म्हणजे आपल्या ठरावाच्या सात वर्षं आधी. इतके शिकलेले लोक सभेला होतो, कुणी साधं विचारलं नाही.

आता जमेकडे वळतो.

त्यानंतर चार वर्षांनी बी विंगच्या आजींनी (आज त्या आपल्यात नाहीत) रस्त्यावर गाडीखाली पाय सापडलेल्या एका कुत्र्यासाठी प्राण्यांच्या संस्थेला फोन केला. संस्था म्हणजे काय, तर खाडीच्या बाजूला पत्र्याची शेड, एक डॉक्टर, दोन मदतनीस आणि एक जुनी गाडी. आजी एकट्या जायला तयार होत्या, मी नाइलाजाने बरोबर गेलो. तिथे डॉक्टरीणबाईंना मी मोठ्या तोऱ्यात विचारलं, ‘आमच्या गेटवरची सात कुत्री तुम्ही घेऊन जाल का?’ त्या म्हणाल्या, ‘काका, घेऊन जाते. पाच दिवसांनी परत आणून देते. चालेल?’

तेव्हा मला नसबंदीचा अर्थ समजला. कुत्रं पहाटे उपाशीपोटी न्यायचं. ऑपरेशन, लस, आणि भूल उतरायच्या आत कानाला छोटी खाच, म्हणजे लांबूनच कळावं की याचं झालंय. जखम सुकेपर्यंत ठेवून घ्यायचं आणि त्याच गेटवर सोडायचं. त्याने आपला मुलूख राखला की बाहेरचं कुत्रं सहसा आत येत नाही. पिल्लं नाहीत, म्हणजे पिल्लांसाठी चवताळणं नाही. लालीची नसबंदी आधी झाली असती तर ती मुलगी चावली गेली नसती. हे वाक्य मी स्वतःला बरेचदा ऐकवलंय.

त्या उपकाराची परतफेड म्हणून २०१३ च्या प्रजासत्ताक दिनाला आपण पहिला आनंदमेळा भरवला. साबुदाणा वडे, मिसळ, तिळगूळ, मुलांची रिंग फेकायची स्पर्धा. खर्च जाऊन अकरा हजार तीनशे चाळीस रुपये उरले. पाकिटात घालून, वर हळदकुंकू लावून आम्ही शेडवर गेलो. डॉक्टरीणबाईंनी पावती दिली, आभार मानले आणि म्हणाल्या, ‘पैसे लागतातच हो. पण दर शनिवारी दोन माणसं द्याल का?’

आम्ही एकमेकांकडे बघितलं. पैसे द्यायला आम्ही तयार होतो. माणसं द्यायची म्हणजे आपणच जायचं.

आज मला सांगायचंय ते एवढंच आहे. आनंदमेळा वर्षातून एकदा होतो. कुत्र्याला ड्रेसिंग रोज लागतं. पैशाने औषध येतं, पण थरथरणाऱ्या कुत्र्याचं तोंड हलक्या हाताने धरून ठेवायला माणूसच लागतो. डॉक्टरांच्या दोन हातांत सुई आणि कात्री असते, तिसरा हात आपला.

त्या शनिवारांनी आपल्याला काय शिकवलं, त्याची यादी फार मोठी आहे. भाताचं पातेलं घासणं. रद्दी चौकोनी कापून पिंजऱ्यात अंथरणं. जुन्या चादरी धुऊन वाळवणं, पावसात तर त्या कितीही असल्या तरी पुरत नाहीत. रजिस्टर लिहिणं. डी विंगमधल्या ज्या गृहस्थांनी २००८ च्या सभेत सगळ्यांत मोठ्याने ‘हटवा’ म्हटलं होतं, ते नंतर सहा वर्षं स्वतःच्या गाडीतून कुत्री ने-आण करत होते. सीट खराब झाली म्हणून त्यांनी एकदाही बिल लावलं नाही. मी लावू दिलंही नसतं.

संक्रांतीचं कामही तिथूनच सुरू झालं. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो दर जानेवारीत झाडांवर लटकलेला दिसतोच. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आपली मुलं काठ्या घेऊन आवारातला सगळा मांजा उतरवतात. या मुलांना आता माहीत आहे की घारीच्या पंखात अडकलेला मांजा ओढायचा नाही, कात्रीने दोन्हीकडून कापायचा. पक्ष्याला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवायचं. चोचीत पाणी ओतायचं नाही. आणि संस्थेला फोन करायचा. आपल्याला त्यांच्या वयात हे कुणी शिकवलं नव्हतं.

नामदेवांची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले. आपल्याला तूप घेऊन धावायला कुणी सांगत नाही. शनिवारी सकाळी दीड तास.

ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते, त्यांच्याबद्दल बोललो नाही तर हिशोब अपुरा राहील. ती चावली गेलेली मुलगी आज तेवीस वर्षांची आहे. आजही ती कुत्र्यापासून चार हात लांब चालते. शेडवर ती कधी आली नाही, आम्ही बोलावलंही नाही. पण आवारातल्या प्रत्येक कुत्र्याच्या लसीच्या तारखांचा तक्ता गेली पाच वर्षं तीच कॉम्प्युटरवर ठेवते. तारीख आली की ग्रुपवर तिचा मेसेज येतो. मी एकदा विचारलं, ‘तू का करतेस गं हे?’ म्हणाली, ‘काका, तुम्हाला ती आवडतात म्हणून तुम्ही करता. मला भीती वाटते म्हणून मी करते.’ याहून नेमकं मला सांगता येणार नाही.

तिच्यासारख्यांसाठीच खाऊ घालण्याची जागा आपण मागच्या भिंतीपाशी ठरवली, आणि वेळ रात्री साडेदहानंतरची. २०२३ च्या नव्या नियमांत हेच सांगितलंय. सोय करायची जबाबदारी सोसायटीची. जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या दारापासून दूर. वेळ मुलं आणि ज्येष्ठ यांची वर्दळ नसेल अशी. जे गॅलरीतून पोळ्या टाकतात त्यांना हात जोडून विनंती, ते पुण्य नाही, भांडणाला आमंत्रण आहे.

आणि चावलंच, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा आणि सगळे डोस पुरे करा. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून ‘नुसतं खरचटलंय’ म्हणून बसून राहू नका.

आता शिल्लक सांगतो आणि थांबतो.

आवारात आज सहा कुत्री आहेत, सहाही कानाला खाच असलेली. गेल्या सात वर्षांत इथे एकही पिल्लू जन्मलं नाही. ही जमा. पण २०१५ मध्ये शनिवारच्या यादीत सोळा नावं होती, आज पाच उरलीत. त्यातला सगळ्यांत तरुण अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि माझे गुडघे तुम्ही आत्ता स्टेजवर चढताना बघितलेच.

नेमकी आत्ताच गरज आली आहे. शेजारची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. माणसं भाड्याच्या घरात गेली, कुत्री राहिली. पत्रे लागले, वॉचमन गेला, खाऊ घालणारे गेले. चार कुत्री आपल्या मागच्या गेटशी येऊन बसली आहेत, त्यात दोन माद्या. कुणाच्याच कानाला खाच नाही. कुत्रीचे दिवस दोन महिन्यांत भरतात, एका वेताला पाच-सहा पिल्लं सहज होतात. आता हे गणित करायला बँकेची नोकरी लागत नाही.

मागच्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘पूर्वी टेम्पो बोलावला होता ना? माजी खजिनदारांकडे नंबर असेल.’

नंबर माझ्याकडे आहे. जुन्या डायरीत आहे. मी तो देणार नाही. लिहिणाऱ्यावर माझा राग नाही, सोळा वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं. पुढच्या महिन्याच्या सभेत हा विषय येईल तेव्हा माझ्या जागी दुसरा कुणी खजिनदार बसलेला असेल. त्याच्यापुढे तसलं व्हाउचर येऊ नये, एवढंच मला पाहायचंय.

संस्था चारही कुत्री न्यायला तयार आहे. त्यांना हवीत चार माणसं, तीन पहाटे. त्याआधी पंधरा दिवस रोज त्याच जागी, त्याच वेळी खाऊ घालणारा एक ओळखीचा हात, म्हणजे धरताना कुत्री बिथरणार नाहीत. आणि पुढचे शनिवार. प्रत्येक विंगने महिन्यातून एक शनिवार घेतला तर चार विंगा, चार शनिवार. मेंटेनन्समध्ये एक पैसा वाढणार नाही.

पंचवीस वर्षांच्या सगळ्या फाइली ऑफिसच्या कपाटात आहेत. ते व्हाउचरही २००८ च्या फाइलीत आहे, माझी सही ओळखू येते. कुणाला बघायचं असेल तर बघा. मी ते काढून टाकणार नाही.

यादी बाहेर टेबलावर ठेवली आहे, पेनही ठेवलंय. पहिला शनिवार हाच. सकाळी साडेसहा, मागचं गेट. येताना एक जुनी चादर आणा.