अंगठा उठविण्यापूर्वी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही विवाहातील खर्च, मुलींचे शिक्षण किंवा वसतिगृहाचा निधी यांपैकी एखाद्या विषयावर बोलतो, आणि आपणांस ते भाषण आता पाठ झाले असूनही आपण ते शांतपणे ऐकून घेता. यंदा चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘घरचा संगणक आणि घरातील खाजगी गोष्टी’ असे उत्तर दिले. त्यांना तो विनोद वाटला. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेल्या आणि जन्मभर प्राथमिक शाळेत खडू झिजविलेल्या माणसाने संगणकावर बोलावे, हे चमत्कारिक खरेच. परंतु या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हांस विद्येने दिलेला नसून नुकसानीने दिलेला आहे. आणि ते नुकसान केवळ आमचे राहिले नाही, म्हणून हे बोलणे भाग आहे.

आरंभ मात्र धरणापासून करावा लागेल.

उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले. पण आपल्या करमाळा आणि माढा तालुक्यांतील भीमाकाठच्या घरांत सरकारी कागद त्याच्या कितीतरी आधी येऊ लागले होते. आमचे वडील निरक्षर. घरात लिहितावाचता येणारे काय ते आम्हीच, आणि आम्ही त्या वेळी आठवीत. नोटीस आली ती आम्ही ओट्यावर उभे राहून खड्या आवाजात वाचली. ‘निवाडा’, ‘हितसंबंधी इसम’ हे शब्द आम्ही अगदी शुद्ध उच्चारले. अर्थ मात्र वाचणाऱ्यासही कळला नाही आणि ऐकणाऱ्यासही नाही. पुढे मोबदल्याची रक्कम हाती आली त्या दिवशी वडिलांनी पावतीवर अंगठा उठविला, आणि नोटा धोतराच्या सोग्यात बांधून ते घरी आले. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात अशी तरतूद होती की, रक्कम कमी असल्याची हरकत नोंदवून ती स्वीकारली तरच वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयाकडे जाता येई. मुकाट्याने स्वीकारली की तो मार्ग बंद. अंगठ्याशेजारी ‘हरकत राखून’ एवढे दोन शब्द हवे होते. हे आम्हांस कळले ते वीस वर्षांनी, एका वकिलांच्या ओसरीवर बसलो असता.

वडिलांना आम्ही दोष देत नाही. परंतु आज आमची नातवंडे, आणि खरे सांगायचे तर आम्ही स्वतःही, मोबाइलच्या पडद्यावर ‘मला मान्य आहे’ या बटणावर दिवसातून चार वेळा बोट टेकवितो, ते त्या पावतीवरील अंगठ्याहून काय निराळे आहे? फरक एवढाच की वडिलांना वाचता येत नव्हते आणि आम्हांस वाचता येते.

आमच्या घरी संगणक आला तो २०११ साली, धाकट्या चिरंजीवांच्या शिक्षणाकरिता. ते नोकरीस पुण्यास गेले आणि यंत्र आमच्या वाट्यास आले. तेव्हा मनाने घेतले की, पाण्याखाली गेलेल्या गावाचे जे काही उरले आहे ते एके ठिकाणी गोळा करावे. घरोघर जाऊन छायाचित्रे मागून आणली, त्यांच्या प्रती संगणकात घेतल्या आणि मूळ चित्रे ज्याची त्यास परत केली. नदीचा घाट, बाजाराचा दिवस, शाळेच्या व्हरांड्यातील एक वर्ग, कुणाच्या लग्नाची वरात. अशी १६० चित्रे जमली. त्यांच्याबरोबर वडिलांची ती नोटीस, जुने उतारे आणि आपल्या ज्ञातीतील घराण्यांच्या वंशावळी होत्या. सहा वर्षांचे काम.

२०१९ च्या उन्हाळ्यात आम्हांस मराठी टंकलेखनाचे एक सॉफ्टवेअर हवे होते. विकत घ्यावयाचे तर पैसे पडतात. फुकट उतरवून घेता येते असे कोणी सांगितले. शिक्षकी पेशात काटकसर हाडीमाशी खिळते. आम्ही ते उतरविले. यंत्राने धोक्याची सूचना दिली ती बाजूस सारली. इतकेच नव्हे, तर चोरीच्या मालाबरोबर आलेल्या सूचनेनुसार संगणकाचा राखणदार, म्हणजे विषाणूंपासून रक्षण करणारी व्यवस्था, तीही आपल्या हाताने बंद केली. तासाभराने पाहतो तो एकही चित्र उघडेना. प्रत्येक फाइलीच्या नावापुढे एक अपरिचित शेपूट लागलेले, आणि शेजारी इंग्रजीत एक चिठ्ठी: किल्ली हवी असल्यास ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क साधल्यास निम्मे, ४९०. दरोडेखोराने मुदतीत सवलत द्यावी याचे आम्हांस त्या स्थितीतही नवल वाटले.

या प्रकारास खंडणीचा विषाणू म्हणतात. तो फाइली पळवून नेतोच असे नाही; त्या जागच्या जागी सांकेतिक भाषेत बदलून टाकतो, आणि उलट बदलण्याची किल्ली चोराजवळ राहते. त्याच वर्षी ऑक्टोबरात परदेशातील तज्ज्ञांनी या विषाणूच्या अनेक प्रकारांवर मोफत उतारा प्रसिद्ध केला. आमच्या प्रकाराला तो लागू पडला नाही. पैसे आम्ही भरले नाहीत. पुतण्याजवळच्या एका पेन ड्राइव्हवर २८ चित्रे निघाली. उरलेल्यांसाठी पुन्हा घरोघर फिरलो, तर मधल्या काळात कोठे म्हातारे माणूस गेले होते, कोठे घराच्या नव्या बांधकामात अल्बम हरवला होता. नदीच्या घाटाचे चित्र एकच होते. ते गेले.

यावर उपाय अगदीच साधा होता. शेतकरी सगळे बियाणे एकाच कणगीत ठेवीत नाही. महत्त्वाच्या फाइलींची प्रत एका वेगळ्या डिस्कवर घ्यावी, आणि काम होताच ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. जोडलेली ठेवली तर विषाणू तिच्यातही शिरतो. आणखी एक प्रत दुसऱ्या गावी, मुलाकडे अगर भावाकडे असावी. दुसरी गोष्ट दुरुस्त्यांची. संगणक अधूनमधून ‘अद्ययावत करा’ म्हणून विनवितो आणि आपण त्यास उद्यावर ढकलतो. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या विषाणूने इंग्लंडातील रुग्णालयांपर्यंत हाहाकार केला, तो ज्या छिद्रातून शिरला ते बुजविण्याची दुरुस्ती मार्च महिन्यातच मिळाली होती. ज्यांनी ती घेतली नाही ते सापडले. पुढल्याच महिन्यात, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ या दुसऱ्या विषाणूने न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराचे एक टर्मिनल ठप्प केले. कंदर-टेंभुर्णी भागातील केळी समुद्रापार धाडणाऱ्या आपल्या बागाईतदारांस ते बंदर निराळे सांगावयास नको. युक्रेनमधून निघालेला रोग आपल्या केळीच्या वाटेपर्यंत येऊन पोहोचतो. तेव्हा आडगावी राहतो म्हणून आम्ही सुरक्षित, हा समज सोडावा. ज्यांच्या घरी ‘विंडोज १०’ वर चालणारे यंत्र आहे त्यांनी हेही जाणावे की, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच्या नेहमीच्या दुरुस्त्या थांबल्या आहेत. मुलांना विचारून पुढची व्यवस्था करावी.

येथवर झाली ती यंत्राची गोष्ट. आता जी सांगावयाची ती सांगताना आम्हांस संकोच वाटतो.

२०२१ साली टाळेबंदीमुळे आपला मेळावा भरला नाही. निदान बंधुभगिनींचा परिचय तरी राहावा म्हणून मंडळाने कुटुंब-सूची तयार करण्याचे ठरविले आणि ते काम आम्ही अंगावर घेतले. कुटुंबप्रमुखाचे नाव, मूळ गाव, कुलदैवत, पत्नीचे माहेर, मुलांच्या जन्मतारखा, नोकरीचे ठिकाण, मोबाइल क्रमांक, विवाहयोग्य मुलामुलींची छायाचित्रे. सर्व काही तीत घातले. मुद्रिते आम्हीच तपासली. एकही जन्मतारीख चुकू दिली नाही; एका भगिनीच्या माहेरचे गाव तेवढे चुकून शेजारचे पडले. ती सूची आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवरील आपल्या गटांत पाठविली, आणि तेथून ती कोठकोठे गेली हे सांगणे कोणाच्याही हाती राहिले नाही. आपण सर्वांनी आमचे कौतुक केले, आणि आम्ही ते स्वीकारले.

२०२४ च्या आरंभी त्याच भगिनीस फोन आला. नाव आम्ही सांगणार नाही. आजचा विषयच तो आहे. पती निवर्तलेले, मुलगा परगावी. पडद्यावर पोलिसी गणवेशातील माणूस दिसत होता. तिच्या मुलाच्या नावे आलेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, असे त्याने सांगितले. मुलाची जन्मतारीख सांगितली, त्याची कंपनी सांगितली, दिवंगत पतीचे नाव सांगितले. दोन दिवस त्या माउलीस त्याने फोन बंद करू दिला नाही, कोणाशी बोलू दिले नाही. पतीच्या निवृत्तीचे ६ लाख ४० हजार रुपये तिने तो सांगेल त्या खात्यांत भरले. तिसऱ्या दिवशी मुलास कळले आणि त्याने १९३० या क्रमांकावर तक्रार केली. सव्वा लाख तेवढे वाटेत थोपविता आले.

आम्ही भेटीस गेलो तेव्हा ती म्हणाली, “गुरुजी, त्यानं माझं माहेरसुद्धा सांगितलं. गाव तेवढं चुकीचं सांगितलं. मला वाटलं, पोलिसांच्या नोंदीतच चूक असंल.” ते चुकीचे गाव कोणते, हे आम्ही विचारले. तिने सांगितले. ती चूक आमच्या सूचीखेरीज जगात दुसरीकडे कोठेही नव्हती.

ज्ञातीचे सगळे बळ एकमेकांची माहिती असण्यात आहे. कोण कोणाचा, कोणत्या गावचा, कोणाकडे दिली. हे ठाऊक असल्यामुळेच आपण अडीअडचणीस धावतो. तीच माहिती परक्याच्या हाती पडली की तो क्षणात घरचा होऊन बसतो. आपल्यातील पुष्कळांचा पासवर्ड कुलदैवताचे नाव आणि मुलाचे जन्मसाल यांचाच असतो, आणि ती दोन्ही आम्ही छापून दिली होती. पासवर्ड असा असावा की तो कोणत्याही सूचीत सापडणार नाही: एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेला, आणि बँकेचा निराळा, ईमेलचा निराळा. तो वहीत लिहू नये असे काही जाणते सांगतात; आमचे मत वेगळे आहे. आमच्या वयाच्या माणसाने तो खुशाल वहीत लिहावा आणि वही लोखंडी पेटीत ठेवावी. शेकडो कोसांवरच्या चोरास ती पेटी उघडता येत नाही.

‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पोलीस फोनच्या पडद्यावर कोणास अटक करीत नाहीत, की पैसे मागत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही नभोवाणीवरून हे सांगितले. प्रत्येक घरात खुणेचा एक शब्द ठरवून ठेवावा. मुलाच्या नावाने कोणी पैसे मागितले तर तो शब्द विचारावा. आणि फोन ठेवून मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण स्वतः लावावा. पैसे गेलेच, तर लाजेने घरात बसू नये. १९३० वर तत्क्षणी कळवावे, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात धावत असतो आणि पहिल्या काही तासांतच त्यास गाठता येते. लग्नपत्रिका, दंडाची पावती, शेतकरी योजनेची यादी अशा नावांनी येणारी ‘एपीके’ फाइल उघडू नये. पत्रिका वाचावयास अ‍ॅप लागत नाही.

झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपांविषयी तरुणांस एवढेच सांगतो की, ती मोबाइलमधील सर्व नावांची यादी मागतात आणि हप्ता चुकला की त्या यादीतील मामा, मेहुण्यांस फोन करून बेअब्रू करतात. संमती एकाने द्यावयाची आणि चारशे जणांची नावे जावयाची! आमच्या सूचीत याहून काय निराळे घडले?

शेवटी पुन्हा अंगठ्याकडे येतो. आज बँकेचे पैसे गावातच अंगठ्यावर मिळतात, ही सोय मोठी आहे. परंतु २०१८ साली तेलंगणात जमिनीच्या दस्तांवरील ठसे उचलून रबरी अंगठे बनविल्याचे आणि त्यांवर मोबाइलची सिमकार्डे चालू केल्याचे उघडकीस आले. धरणग्रस्तांच्या घरी अंगठ्यांच्या कागदांस तोटा नाही. आधारमध्ये आपल्या ठशांस कुलूप घालण्याची सोय आहे; काम असेल तेव्हा उघडावे, एरवी बंद ठेवावे. आधारची प्रत देणे झाल्यास शेवटचे चारच आकडे दिसणारी द्यावी. आणि पैसे काढताना यंत्राने आवाज केला नाही म्हणून पुन्हा अंगठा ठेवा असे सांगितले, तर आधी पहिल्या खेपेचे काय झाले ते पासबुकात पाहावे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, आणि २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाही झाला. संमतीवाचून दुसऱ्याची माहिती वापरू नये हे त्याचे मुख्य सूत्र. आम्ही सूची केली तेव्हा कायदा नव्हता, हे खरे. पण शेजारणीच्या माहेरचा पत्ता वाटेवरच्या माणसास सांगू नये हे कळण्यास कायदा कशाला हवा होता?

सबब मंडळापुढे आमची विनंती अशी आहे. पुढील सूचीत नाव आणि गाव एवढेच छापावे. जन्मतारीख, फोन, छायाचित्र हे चिटणीसांच्या दप्तरी कागदावर राहावे, आणि ज्यास स्थळाकरिता हवे त्याने संबंधित घराची संमती घेऊन ते मागावे. याचे अर्ज बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत. सही करण्यापूर्वी वाचावेत, आणि वाचता येत नसेल त्यांस आम्ही स्वतः अर्थासकट वाचून दाखवू. २०२१ ची पीडीएफ ज्यांच्या मोबाइलात असेल त्यांनी ती आजच काढून टाकावी, येथे बसल्या बसल्या काढली तरी चालेल.

आणि ज्यांच्या घरी जुन्या गावाचे एखादे छायाचित्र अजून शिल्लक असेल, विशेषतः घाटाचे, त्यांनी ते येत्या महिन्यात आमच्याकडे आणावे. प्रत घेऊन मूळ चित्र त्याच दिवशी परत करू. या खेपेस प्रती तीन ठिकाणी राहतील.