राजपत्रातली तारीख

२०२४ साल उजाडलं ते पेट्रोलपंपांवरच्या रांगा घेऊन. चालकांच्या संपामुळे मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोंतून टँकर सुटेनात, आणि नाशिकपासून नागपूरपर्यंत लोक टाकी काठोकाठ भरून घ्यायला धावले. या सभागृहातल्या कित्येकांनी त्या रांगांमध्ये तास-दोन तास काढले असतील. चालकांचा राग होता तो भारतीय न्याय संहितेच्या १०६व्या कलमातल्या दुसऱ्या पोटकलमावर. बेदरकार गाडी चालवून कुणाचा जीव घेतला आणि पोलिसांना न कळवता चालक पळाला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ कलमात कमाल शिक्षा दोन वर्षं होती.

गंमत अशी, की ज्या कायद्याविरुद्ध चाकं थांबली तो तेव्हा लागूच नव्हता. संसदेने तो डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केला होता, २५ डिसेंबरला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली होती. लागू कधी, हे मात्र कायद्यात लिहिलेलं नव्हतं. तिथे नेहमीचंच वाक्य होतं : केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचनेने नेमील त्या दिवशी हा कायदा अंमलात येईल, आणि वेगवेगळ्या तरतुदींसाठी वेगवेगळे दिवस नेमता येतील. फेब्रुवारीत अधिसूचना निघाली. तारीख पडली १ जुलै २०२४, पण १०६(२) तेवढं वगळून. संसदेच्या दोन्ही सभागृहांनी संमत केलेलं पोटकलम एका ओळीने बाजूला राहिलं. चालकांचं ऐकलं गेलं हे चांगलंच झालं. पण ते ऐकण्याची जागा विधेयकावरची चर्चा होती, अधिसूचना नव्हे.

तारीख रोखून धरण्याची ही सवय जुनी आहे. आणीबाणीनंतर जनता सरकारने ४४वी घटनादुरुस्ती केली. तिच्या तिसऱ्या कलमाने प्रतिबंधक स्थानबद्धतेला वेसण घातली होती : सल्लागार मंडळाच्या मताशिवाय कुणाला डांबून ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणायची, आणि मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमायचं. दुरुस्तीचा बहुतांश भाग १९७९ सालीच लागू झाला. या कलमाला मात्र तारीख मिळाली नाही ती नाहीच. ए. के. रॉय यांच्या खटल्यात १९८१ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा सरकारला अमुक दिवशी कायदा लागू करा असा आदेश देता येत नाही, असं बहुमताने ठरलं. त्यानंतर दिल्लीत हरेक रंगाची सरकारं आली आणि गेली. स्थानबद्धतेचा अधिकार आपण होऊन आखडता घेणारं एकही निघालं नाही.

१ जुलै २०२४ ची सकाळ पोलीस ठाण्यात कशी गेली असेल? ठाणे अंमलदारापुढे दोन पुस्तकं उघडी. ३० जूनच्या रात्री घडलेला खून ३०२ खाली, मध्यरात्रीनंतरचा १०३ खाली. पहिल्या गुन्ह्याचा मान कुणाचा, यावरही थोडी धावपळ झालीच. दिल्लीत रेल्वे स्टेशनाजवळच्या एका फेरीवाल्यावर रस्ता अडवल्याचा गुन्हा नोंदला गेला आणि दिवसभर गाजला. त्याच दिवशी केंद्रीय गृहमंत्र्यांनी सांगितलं, की पहिला गुन्हा ग्वाल्हेरच्या मोटरसायकल चोरीचा. खरा बदल होता तो पंचनाम्यात. त्याच दिवशी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं. हवालदाराने मोबाइलवर मुद्देमालाची यादी, पंचांच्या सह्या सगळं टिपायचं आणि विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे धाडायचं. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यायचं, हे कलमही त्याच संहितेत आहे. मात्र त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुभा दिली आहे. माणसं आणि प्रयोगशाळा नसताना तारीख लादली असती तर कागदी हजेरी सुरू झाली असती. ही सवलत त्यामानाने शहाणपणाची म्हणायची.

प्रत्यार्पणात तारखांचा खेळ आणखी रंगतो. आपला प्रत्यार्पण कायदा १९६२ चा. तो एखाद्या देशाला लावायचा तर त्यासाठीही अधिसूचनाच लागते. सप्टेंबर २००२ मध्ये मुंबईच्या १९९३ च्या बॉम्बस्फोटांतला आरोपी अबू सालेम लिस्बनमध्ये पकडला गेला तेव्हा पोर्तुगालशी आपला प्रत्यार्पण करार नव्हता. कायदा पोर्तुगालला लागू करणारी अधिसूचना निघाली १३ डिसेंबरला. म्हणजे माणूस आधी, कायदा मागून. चारच दिवसांनी उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी लेखी हमी दिली, की त्याला फाशी होणार नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा जास्त तुरुंगवासही नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये तो मुंबईत आला. पुढे टाडा न्यायालयाने जन्मठेप सुनावली आणि मोजणी कुठून करायची यावर वाद पेटला. त्याचं म्हणणं, लिस्बनच्या अटकेपासून. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये निकाल दिला : दिलेला शब्द देशाने पाळायचा, पण पंचवीस वर्षं मोजायची ती १२ ऑक्टोबर २००५ पासून. १९९३ च्या स्फोटांत घरची माणसं गमावलेल्या मुंबईकराला हा हिशेब झोंबेल. पण शब्द मोडला असता तर पुढच्या फरार आरोपीसाठी कोणत्या देशाने आपल्याला दार उघडलं असतं?

ब्रिटनशी करार झाला तो १९९२ साली. भारतातर्फे सही होती गृहमंत्री शंकरराव चव्हाणांची. करार हातात असूनही लंडनच्या न्यायालयात काय काय दाखवावं लागतं, ते उद्योगपती विजय मल्ल्याच्या प्रकरणात दिसलं. आर्थर रोड तुरुंगातल्या बराक क्रमांक १२ मध्ये नैसर्गिक उजेड येतो का, हे पाहायला न्यायाधीशांनी भर दिवसा, दिवे न लावता चित्रीकरण करून मागितलं. कायद्याच्या कलमांइतकीच खिडकीचीही तपासणी झाली.

आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३५६वं कलम आहे. घोषित फरार आरोपी सापडत नसेल तर त्याच्या गैरहजेरीतच खटला चालवता येतो. तीस दिवसांच्या अंतराने दोन वॉरंट, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, आरोप ठेवल्यावर नव्वद दिवसांची वाट, आणि मग सुनावणी. ऐकायला हे ठणठणीत वाटतं. पण ब्रिटनचा २००३ चा प्रत्यार्पण कायदा असा दोषी ठरलेला माणूस समोर आला की विचारतो : हा मुद्दाम गैरहजर राहिला का? तसं सिद्ध होत नसेल, तर परतल्यावर त्याला नव्याने खटला मिळणार का? दोन्ही उत्तरं नकारार्थी आली तर न्यायाधीशांना त्याला सोडावंच लागतं. आपलं कलम फरारीलाच हजेरीच्या हक्कावर सोडलेलं पाणी मानतं. पुन्हा खटल्याचं नाव नाही, आणि अपील हवं तर स्वतः न्यायालयात उभं राहावं लागतं, तेही तीन वर्षांच्या आत. नवा खटला देण्याची तरतूद घालायची तर संसदेला दुरुस्ती करावी लागेल. तोवर लंडनकडून एखाद्याला शिक्षा ठोठावून मागण्यापेक्षा नुसतं आरोपपत्र दाखवून मागणं सरकारी वकिलांना सोपं जाईल.