गुपित कोणाच्या हाती?



विडी कामगारांच्या युनियनचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे श्रोते किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि मोर्चा ह्यांची मनाशी तयारी करून बसतात. व्याख्यानमालेच्या चिटणीसांनीही मला तोच विषय सुचविला होता. मी त्यांना म्हटले, त्या विषयावर मी वर्षाचे तीनशे दिवस बोलतो. वसंतातली एक संध्याकाळ मला कादंबरीसाठी द्या. आणि कादंबरी तरी कोणती? जिच्या आरंभी अंधारी रात्र असते, ओसाड देऊळ असते, दुरून टापांचा आवाज येतो, कोणा तरुणीवर संकट कोसळलेले असते आणि देवाच्या मूर्तीमागे भुयाराचे तोंड असते. ऐतिहासिक म्हणा, अद्भुतरम्य म्हणा. विद्वान मंडळी तिला नाक मुरडतात, आणि आमच्या चळवळीतले पुष्कळ कार्यकर्ते तिला अफूची गोळी समजतात. मला ती मनापासून आवडते. का आवडते, ते आज सांगायचे आहे.

हे वाचन मी एकट्याने कधी फारसे केले नाही. आमच्या बायका विड्या वळतात त्या बहुतेक आपापल्या घरी, नाहीतर चारचौघी मिळून एखाद्या ओसरीवर. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवून कापलेली पाने आणि दोरा. हात चालू असतो, कान मोकळे असतात. अशा एका ओसरीवर दुपारी कादंबरी वाचण्याचा परिपाठ पडला. जिला चांगले वाचता येते ती वाचते, बाकीच्या वळतात. पण वाचणारीचे हात थांबले म्हणजे तिची मजुरी बुडते, कारण मजुरी हजार विड्यांमागे. त्यावर बायकांनीच तोड काढली. प्रत्येकीने आपल्यातल्या थोड्या थोड्या विड्या तिच्या सुपात टाकायच्या, म्हणजे तिचा हजार भरतो. आणि टाकायच्या त्या चांगल्या. छाटात जाणाऱ्या नव्हेत, हाही नियम त्यांचाच.

पुढे वाचताना मला कळले की क्यूबा बेटात हावाना शहरी चिरूट वळणाऱ्या कामगारांनी १८६५ साली हेच केले होते. ‘एल फिगारो’ नावाच्या कारखान्यात कामगारांनी आपल्यातून एक वाचक निवडला आणि त्याचे नुकसान सर्वांनी मिळून भरून दिले. पुढल्याच वर्षी तिथल्या स्पॅनिश सरकारने हे वाचन बंद पाडले! कामगार ऐकतात म्हणजे विचार करतात, हे सरकारला आमच्या कार्यकर्त्यांच्या आधी समजले होते. ती प्रथा काही मेली नाही. त्या वाचनातली एक लाडकी कादंबरी म्हणजे अलेक्झांद्र ड्यूमाची ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’. इतकी लाडकी, की १९३५ साली निघालेल्या एका चिरुटाला ‘मोन्तेक्रिस्तो’ हे नाव पडले ते तिच्यावरूनच, असे सांगतात.

आमच्या ओसरीवर ह्या कादंबरीचा मराठीतला सारांश मी स्वतः सांगितला. नेपोलियनच्या पडझडीचा काळ, साल १८१५. एदमाँ दांतेस हा तरुण खलाशी. त्याच्या लग्नाच्या मेजवानीतूनच त्याला शिपाई धरून नेतात. कोणी, का, काही पत्ता नाही. समुद्रातल्या किल्ल्यात तो चौदा वर्षे सडतो. तिथे भिंतीपलीकडून खरवडल्याचा आवाज येतो. तो असतो आबे फारिया, भुयार खणीत खणीत चुकून ह्याच्या कोठडीत निघालेला. हे फारिया नाव आपल्या गोव्याचे. कांदोळीला १७५६ साली जन्मलेला, पॅरिसात संमोहनाचे प्रयोग करून गाजलेला पाद्री जुझे कुश्तोदियु फारिया. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे. ड्यूमाने नाव उचलले आणि माणूस मात्र इटालियन करून टाकला. असो.

भुयाराचे वर्णन रंगात आले असता एका बाईने मला अडविले. तिचा नवरा नगरपालिकेच्या गटारांच्या कामावर होता. ती म्हणाली, “भाऊ, एवढी माती त्यानं टाकली कुठं? आमच्या घरात हातभर खड्डा खणला तर आठ दिवस ढीग हलत नाही.” मी रात्री पुस्तक पुन्हा काढून पाहिले. ड्यूमाने उत्तर दिलेले आहे! फारियाने एका जिन्याखालची पोकळी फोडली आणि माती तिच्यात भरली. ती पोकळी आता पार भरून गेली आहे, असे तो सांगतो. दुसऱ्या दिवशी हे मी ओसरीवर सांगितले तेव्हा त्या बाईने ड्यूमाला पसंतीची मान दिली. पॅरिसच्या किती टीकाकारांनी ही माती मोजली असेल, कोण जाणे.

आपल्या कादंबऱ्यांतली भुयारे बहुधा आयती असतात. तरीही हरिभाऊ आपट्यांचा ‘उषःकाल’ ज्याने ओसरीवर ऐकला नाही त्याला मी म्हणेन की त्याने अर्धाच ‘उषःकाल’ ऐकला. ती ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९५ ते १८९७ ह्या काळात तुकड्यातुकड्याने आली. म्हणजे त्या वेळच्या वाचकाला मारुतीच्या देवळाखाली काय आहे ह्याचा विचार करीत आठवडा काढावा लागे. आम्हीही मुद्दाम रोज एकच प्रकरण वाचीत असू. किल्लेदार रंगराव अप्पा विजापूरकरांच्या मिठाला जागणारा, आणि मुलगा नानासाहेब शिवाजीच्या बाजूला ओढलेला. बाप खरा की मुलगा खरा, ह्यावर आमच्याकडे दोन पक्ष पडले, आणि दोन दिवस विड्या कमी झाल्या.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. बखर वाचा. बखरीत राजे, सरदार, वकील बोलतात. बाकीची माणसे आकड्यांत असतात, हजार मावळे, दोन हजार स्वार. कोणी एक हलकारा ‘खबर घेऊन आला’ एवढेच. पण त्याच इतिहासात प्रेमकथा आणली, आणि तिला गुपिताची जोड दिली, की लेखकाचा नाइलाज होतो. राजकन्येला प्रियकराला चिठ्ठी पाठवायची तर ती स्वतः जाऊ शकत नाही. तिला दासी लागते. भुयाराची किल्ली गुरवाजवळ असते. रात्री नदी उतरायची तर नावाडी लागतो, आणि घोडा बदलायचा तर मोतद्दाराला विश्वासात घ्यावे लागते. सबंध राज्याचे भवितव्य घटकाभर एका मोलकरणीच्या ओटीत असते. तिने चिठ्ठी दिली तर एक, फोडली तर दुसरे, भलत्याच्या हाती दिली तर तिसरे. युद्धाच्या वर्णनात ही सत्ता तिला कोणी देत नाही. गुपिताच्या कथेत ती द्यावीच लागते. आमच्या ओसरीला ह्या कादंबऱ्या का आवडतात, ह्याचे मला सापडलेले उत्तर हे आहे.

‘रूपनगरची राजकन्या’ घ्या. मुळाशी इतिहास आहे. रूपनगरची चारुमती औरंगजेबाला नको म्हणते, मेवाडच्या महाराणा राजसिंहाकडे संदेश धाडते, आणि १६६० च्या सुमारास त्याच्याशी तिचा विवाह होतो. बंगालीत बंकिमचंद्रांनी ह्यावर ‘राजसिंह’ लिहिली, मराठीत हरिभाऊंनी ही. आता ह्या प्रसंगात बादशहा आहे, महाराणा आहे, फौजा आहेत. आमच्या बायकांचा जीव कशात अडकला? संदेश नेणाऱ्यात. तो वाटेत पकडला गेला तर? त्याच्या घरी कोण कोण आहेत? संप असताना पत्रके साडीच्या निऱ्यांत लपवून ज्यांनी पोचविली, त्यांना ह्या प्रश्नाची गोडी कोणी शिकवायला नको.

कोणी म्हणेल, पण ही वेषांतरे, ह्या पळवाटा, हे सगळे असंभाव्य आहे. मग इतिहासाचे काय करायचे? १६६६ च्या ऑगस्टात शिवाजीमहाराज आग्र्याच्या पहाऱ्यातून निसटले, कोवळ्या संभाजीला मथुरेला विश्वासू माणसांच्या घरी ठेवून वेष पालटून परतले. ही कथा प्रथम एखाद्या कादंबरीकाराने लिहिली असती तर टीकाकारांनी त्याला सोडले नसते. इतके मागे कशाला? १९७४ च्या रेल्वे संपाचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस आणीबाणीत शीख बनून हिंडत होते आणि जून १९७६ मध्ये कलकत्त्याला पकडले गेले. आमच्या धंद्यात वेषांतर ही अद्भुत गोष्ट नव्हे.

आणि लग्नावाचून इतिहास आपल्या लोकांच्या गळी उतरत नाही, हे कादंबरीच्या आधी शाहिराला माहीत होते. सिंहगड ४ फेब्रुवारी १६७० ह्या दिवशी घेतला. शाहीर तुळशीदासाने त्याचा पोवाडा रचला तो सुरू कोठून केला? रायबाच्या लग्नापासून. हरिभाऊंनी ‘गड आला पण सिंह गेला’मध्ये त्यात आणखी उदयभानूने पळविलेली कमलकुमारी घातली. सभासदाच्या बखरीत ती नाही. नसू द्या. तिच्यासाठी ऐकणारी दोर टाकण्याची वाट पाहते. निव्वळ किल्ल्यासाठी तिने ती इतक्या आतुरतेने पाहिली नसती.

आता ह्या कादंबरीच्या एका परदेशी पूर्वजाची ओळख करून देतो, कारण त्याच्याबद्दल माझ्या मनात जिव्हाळा आहे. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स, १८१४ ते १८७९. ह्याच्या कादंबऱ्या हिंदुस्थानात घरोघर वाचल्या गेल्या. हरिभाऊंची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ त्याच्या कथेच्या आधाराने उभी राहिली, आणि गोविंद नारायण दातारशास्त्र्यांनी त्याची कथानके आपल्या प्राचीन राजवाड्यांत आणून बसविली. हा रेनॉल्ड्स म्हणजे बाजारी लेखक, असे पुष्कळदा ऐकू येते. पण तो चार्टिस्ट होता, हे किती जणांना माहीत आहे? प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, गुप्त मतदान, खासदाराला वेतन ह्या मागण्या घेऊन इंग्लंडचे कामगार उठले, त्यांच्यातला तो. ६ मार्च १८४८ रोजी लंडनच्या ट्रफाल्गार चौकात जमलेल्या सभेचा तो अध्यक्ष झाला. १८५० साली त्याने काढलेले साप्ताहिक १९६७ पर्यंत चालले. त्याची ‘लंडनची रहस्ये’ १८४४ पासून दर आठवड्याला एका पेनीला विकली जात. त्यातले रहस्य नुसते चोरवाटेचे नसे. उमरावाच्या वाड्यात ही दौलत आली कोठून, हेही त्यातले रहस्यच असे.

आमच्या लोकांनी त्याची चोरवाट घेतली आणि हा प्रश्न तिकडेच ठेवला, ही माझी तक्रार आहे. परकी सत्ता होती, स्वराज्याची ओढ होती, हे मला समजते. पण त्याचा परिणाम काय झाला? जिने जिवावर उदार होऊन चिठ्ठी पोचविली ती दासी शेवटच्या प्रकरणात सोन्याचे कडे घेऊन पानावरून निघून जाते. तिचे पुढे काय झाले, कोणी सांगत नाही. आणि एखाद्या गरीब मुलीवर लेखकाचा फारच जीव जडला, तर ती लहानपणी हरवलेली राजकन्या निघते. दंडावर तीळ सापडतो! आमच्या ओसरीवर असा तीळ निघाला तेव्हा सगळ्या एकदम गप्प झाल्या. मग एक म्हातारी म्हणाली, “म्हणजे आपल्यातली नव्हतीच का ती.” तिच्या आवाजातली निराशा ज्या लेखकाने ऐकली असती, त्याने तो तीळ पुसून टाकला असता.

दुसरी तक्रार रहस्याच्या बाजूने आहे. पुष्कळ ऐतिहासिक कादंबऱ्यांत दुष्ट कोण हे त्याच्या पोशाखावरून आणि नावावरून पहिल्याच पानात कळते. मुसलमान असला की झाले. आमच्यात विड्या वळणाऱ्या मुसलमान बायका आहेत, त्यातली एक म्हणाली, “ह्यात शोधायचं काय राहिलं मग?” तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरेच रहस्य हवे होते. शिवाजीमहाराजांच्या आरमारात दौलतखान होता आणि आदिलशाहीच्या चाकरीत मोठमोठी मराठा घराणी होती. म्हणजे निष्ठेचे खरे कोडे इतिहासातच पडलेले होते. ज्याने ते सोपे करून टाकले त्याने इतिहासही बिघडविला आणि रहस्यही.

हे दोष काढून टाकल्यावर जे उरते ते थोडे नाही. म्हणून युनियनच्या वाचनालयासाठी पुस्तके घ्यायची वेळ आली आणि कार्यकारिणीत एक सहकारी म्हणाला की १९६६ च्या विडी कामगार कायद्याच्या प्रती घ्या, कादंबऱ्या कशाला, तेव्हा मी दोन्ही घ्या म्हणून हटून बसलो. तासभर वाद झाला. शेवटी ओसरीवरल्या बायकांनी निरोप धाडला की कादंबऱ्यांचे पैसे आम्ही देतो, कायद्याचे तुम्ही द्या. गंमत अशी की त्या कायद्याचे वाचनही पुढे ओसरीवरच झाले, आणि छाटाच्या कलमाशी सगळ्या तितक्याच टवकारून बसल्या होत्या.

सध्या नाथमाधवांची ‘वीरधवल’ लावायची ठरली आहे. ती १९१३ ची. नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, हे सरकारी तोफखान्याच्या कारखान्यातले नोकर. सिंहगडच्या कड्यावरून पडून कमरेखालचे अंग लुळे पडले, आणि मग ते लिहू लागले. पडल्या जागेवरून त्या माणसाने वाचकांना किती दौडविले आहे, ते ऐकण्यासारखे आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी दुपारी दोनला यावे. शेवटचे प्रकरण आधी वाचून येणाऱ्याला ओसरीवर जागा नाही, आणि सूप ज्याचे त्याने आणायचे.