वारली नक्षी आणि तिचा हिशेब

सावनेरसारख्या तालुक्याच्या गावीही वारली नक्षीची साडी विकली जाते. ही नक्षी मूळ डहाणूकडील पाड्यांवरची. लग्नघरी सवाष्णी तांदळाच्या पिठाने भिंतीवर देवीचा चौक लिहीत. त्याखाली कोणाचेही नाव नसे. एकीची आकृती दुसरीने घ्यावी, तीत भर घालावी, अशीच ही कला वाढली. पुढे जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणली, तीही त्याच वारशातली भर.

मग गिरणीने उचलली तर बिघडले कोठे? हिशेबात. १९५७ चा कॉपीराइट कायदा कर्त्याचे नाव विचारतो. अख्खी जमात त्याला कर्ता म्हणून दिसत नाही. एखाद्या वारली कलावंताने कापडासाठी स्वतःची नवी नक्षी काढली, पण तिची डिझाइन म्हणून नोंद केली नाही, तर त्याच्याच परवान्याने कारखान्यात ५० हून अधिक नग निघताच कलम १५ अन्वये त्याचा कॉपीराइट संपतो. पाड्यावरच्या माणसाने नोंदणी कचेरी शोधावी, ही अपेक्षा मोठी गमतीची! भौगोलिक निर्देशांक मिळाला खरा. पण तो नाव राखतो. नाव टाळून आकृत्या छापणारा मोकळाच.

उसनवारीवर बंदी मागणे म्हणजे त्या कलेचाच गळा आवळणे. मागायचा तो छापील कापडाच्या दर मीटरमागे पाड्यांच्या सहकारी संस्थांचा वाटा.