धुराच्या पाइपातला वीतभर तुकडा

(जिल्हा बैठकीच्या दुपारच्या सत्रातील भाषणाचा मजकूर)



सकाळी कापसाच्या भावावर बोलणे झाले. आता मला बोलायचे आहे ते गाडीखालच्या धुराच्या पाइपावर. काही जण हसताहेत. हसा. पण हे भावाच्या प्रश्नापासून फार लांबचे नाही. भाव मिळत नाही म्हणून आपण चौथ्या हाताची गाडी घेतो. चौथ्या हाताची असते म्हणून तिचा पाइप तुटतो. खिशात पैसे नसतात म्हणून मिस्त्री जो तुकडा जोडून देईल तो आपण मुकाट्याने जोडून घेतो. मीही घेतला होता.

वेचणीच्या दिवसांत माझ्या जुन्या डिझेल जीपचा पाइप इंजिनाच्या खालीच तडकला. मिस्त्रीने तडकलेला भाग कापून काढला आणि तिथे फ्लेक्सिबल पाइप घातला. चांगला दोन हात लांब. दोन्ही टोकांना क्लॅम्प आवळले, मधोमध तार बांधून चासीला टांगला. आवाज बंद झाला, मी खूश. महिनाभराने बाजारातून परत येत होतो. थंडी होती, म्हणून ताडपत्रीचे पडदे पाडलेले. मागे आमच्या घरची मंडळी आणि धाकटी मुलगी. वाटेत पोरीला उलटी झाली. मी म्हटले, गाडी लागली असेल. मागून आवाज आला, "अहो, वीस वर्सं झाली मी याच रस्त्यानं येऊन राह्यली. आजच कशी लागली गाडी? माहं बी डोकं फुटून राह्यलं." गाडी थांबवली, पडदे वर केले, दोघींना बाहेर मोकळ्या वाऱ्यात बसवले. बऱ्याच वेळाने पोर सावरली. सकाळी गाडीखाली शिरलो तर त्या नव्या पाइपाच्या अंगावर, वेढ्यावेढ्यातून, काजळीचे पट्टे उमटलेले. मागच्या पाट्याला दोन भोके होती. धूर तिथून सरळ आत.

त्यानंतर मी हा विषय शिकलो. चार जाणत्या मिस्त्र्यांना विचारले, हाताने करून पाहिले. ते सांगतो.

इंजिन चासीवर घट्ट बसवलेले नसते. ते रबराच्या फाउंडेशनवर बसते आणि सुरू झाले की हलते. गचका देऊन रेस केली की एका बाजूला कलते. सायलेन्सर मात्र चासीला टांगलेला. एक टोक डोलणारे, एक टोक धरून ठेवलेले, आणि मध्ये लोखंडी पाइप. मग पाइप तरी तडकतो, मेनिफोल्डचे स्टड तरी तुटतात, नाहीतर गॅस्केट तरी जाते. हे डोलणे पचवायला इंजिनाच्या जवळ जो लवचीक तुकडा घालतात, तो फ्लेक्सिबल पाइप. त्याचे काम तेवढेच. कुजलेल्या पाइपाला ठिगळ लावणे हे त्याचे काम नाही, आणि वळण घ्यायला सोपा पडतो म्हणून लांबच लांब घालणे तर नाहीच.

बाजारात तो दोन जातींचा मिळतो आणि सगळी गोम इथे आहे. एक जात म्हणजे पत्र्याची पट्टी गोल गुंडाळून, कडा एकमेकींत अडकवून केलेला. हा हातात धरला की साखळीसारखा वाकतो. १८८५ साली युरोपात अशी धातूची नळी निघाली, ती दागिन्यातल्या गळसरीच्या घडणीवरून सुचली. तेव्हा मायबहिणींनो, याच्यावर पहिला हक्क तुमचा. पण गळसरीच्या कड्यांतून वारा जातो, तसा याच्या कड्यांतून धूर जातो. नवा असतानाही थोडा झिरपतो, हलून हलून सैल झाला की बराच. दुसरी जात म्हणजे आत पातळ स्टेनलेस पत्र्याची अखंड घडीघडीची नळी, भात्यासारखी, आणि वरून तारेची विणलेली जाळी. ही गळत नाही. मिस्त्री हिला जाळीचा पाइप म्हणतात. महाग पडते. माणसे बसतात त्या गाडीला हीच घालायची. माझ्या मिस्त्रीने पहिली जात घातली होती, आणि मला फरक माहीत नव्हता म्हणून मी विचारलेही नाही.

बसवण्याच्या चार गोष्टी. तुकडा वीतभर पुरतो. आतला व्यास मूळ पाइपाइतकाच हवा, लहान घातला तर इंजिन कोंडते. इंजिन बंद आणि आपल्या जागी बसलेले असताना, क्लॅम्प सैल ठेवून तुकडा लावायचा. तो ताणलेला नको, दाबलेला नको, आणि पिळलेला तर मुळीच नको. वाकणे त्याला सोसते, पीळ सोसत नाही. मग इंजिनाकडून मागे आवळत जायचे. तुकड्याच्या लगेच मागे पाइपाला रबराचा हँगर हवा, म्हणजे सायलेन्सरचे वजन लवचीक भागावर येत नाही. वेल्डिंग फक्त टोकाच्या कड्यावर. जाळीवर ठिणगी पडली तरी आतल्या पातळ पत्र्याला भोक पडते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढा. ब्रेकची नळी, डिझेलची नळी, वायर यांपासून तुकडा लांब राहील असे पाहा, कारण तो हलतो आणि घासतो.

एवढे करूनही तुकडा पुन्हा पुन्हा तुटत असेल तर तुकड्याला शिव्या देऊ नका. फाउंडेशनचे रबर पाहा. ते बसलेले असते, इंजिन नको तितके डोलते आणि मार पाइपाला बसतो. पाइप बदलत राहणारा मिस्त्री तुमच्याच पैशावर तुमचा रोग पाळतो.

ट्रॅक्टरचे वेगळे आहे. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांत इंजिन हाच सांगाड्याचा भाग असतो आणि सायलेन्सर थेट त्याच्यावर उभा असतो. दोघे एकत्रच हलतात. तिथे फ्लेक्सिबल पाइप घालायचे कारणच नाही. कोणी "धूर बाजूला काढून देतो" म्हणून तो लावून देत असेल तर हडंब्यावर ज्वारी काढताना ते तोंड कडब्याकडे वळणार नाही ना, हे आधी पाहा. तिथे ठिणगी अडवणारी जाळी धुराड्यात असणे जास्त मोलाचे.

कापसाचे तर सांगायलाच नको. गळक्या पाइपाचा गरम झोत हौद्याच्या फळीवर लागत राहिला, किंवा लोंबलेला कापूस पाइपाला चिकटला, तर कापूस लगेच भडकत नाही. आतल्या आत धुमसतो. गाडी जिनिंगच्या फाटकात उभी राहिल्यावर, कधी खाली केल्यावर, गंजी पेटते. म्हणून गळक्या पाइपाला गोणपाट गुंडाळून तार बांधण्याचा जो उपाय आपण करतो, तो आजपासून बंद. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांचे आणखी एक आहे. त्यांच्या पाइपात धूर साफ करणारे डबे आणि सेन्सर असतात. डिझेल पिकअपमधला डबा साचलेली काजळी जाळतो तेव्हा आत ६०० अंशांच्या आसपास ऊन चढते. अशी गाडी वाळल्या कडब्यावर उभी करू नका, आणि ते डबे कापून तिथे फ्लेक्सिबल पाइप घालू देऊ नका.

आता पोरीला उलटी का झाली ते. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. पेट्रोलच्या गाडीत जास्त, डिझेलच्या कमी, पण असतो. त्याला स्वतःचा वास नाही, रंग नाही. रक्त प्राणवायूला जितके धरते त्याच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट याला धरते. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, मग झोप येते. झोप आली की माणूस बोलत नाही, आणि पुढे बसलेल्याला वाटते, दमून झोपला. जिनिंगच्या रांगेत रात्री इंजिन चालू ठेवून काचा लावून झोपणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. असे कोणाला झाले तर आधी मोकळ्या हवेत काढा आणि दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांना गाडीच्या धुराचे सांगा. नाहीतर अपचनाची गोळी मिळते.

काढलेला तो दोन हात पाइप मी घरी ठेवला होता. विहिरीचे खोदकाम चाललेल्या शेजाऱ्याने मागितला. पाणी उपसायचे इंजिन विहिरीत उतरवून धूर या पाइपाने वर काढायचा, असा त्याचा बेत. मी दिला नाही. त्याला राग आला. म्हणाला, कंदील सोडून पाहतो ना आधी. पण कंदील विझतो तो प्राणवायू कमी झाला म्हणजे. हा वायू माणूस मरेल इतका असला तरी कंदील जळत राहतो. आणि एक खाली पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो, त्याच्या मागे तिसरा. तसा पाइप घ्या, असा घ्या, इंजिन विहिरीत उतरवायचे नाही. ते काठावर ठेवा, किंवा विजेचा पंप सोडा. शेवटी त्याने इंजिन काठावर ठेवले आणि एवढ्या खोलीवरून ओढेना म्हणून विजेचा पंप भाड्याने आणला.

चहानंतर माझी जीप बाहेर लिंबाखाली उभी आहे, इंजिन गार झाले आहे. ज्यांना पाहायचे त्यांनी सोबत या. तिच्यात जाळीचा तुकडा आहे, आणि तो जुना पाइपही मी आणला आहे. दोन्ही हातात घेऊन पाहा. मग थंड इंजिन सुरू करू, मागच्या तोंडावर ओल्या फडक्याची जाड घडी क्षणभर दाबून धरू आणि कुठे फुसफुस ऐकू येते ते पाहू. ज्यांच्या गाड्या आल्या आहेत त्यांनीही आणाव्यात, तपासून देतो.