चौकीची पायरी

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सकाळच्या सत्रात इथे बऱ्याच जणांनी सांगितले की पोलीस आपल्याशी नीट वागत नाहीत. मी ते खोडून काढायला उभा नाही. १९७० च्या भिवंडी दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन यांनी केली, तेव्हा दंगलीचा तपास करणाऱ्या पोलिसांच्या खास पथकानेच पक्षपात केला असे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले. १९९२-९३ च्या मुंबईबद्दल श्रीकृष्ण आयोगाने ३१ पोलिसांवर ठपका ठेवला. अहवाल १९९८ साली आला आणि त्याचे पुढे काय झाले ते तुम्हाला माहीत आहे. २००६ च्या मालेगाव स्फोटात आपल्याच मुलांना पकडले, त्यांनी वर्षानुवर्षे तुरुंग पाहिला आणि २०१६ साली न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. हे विसरून जा असे कोणी म्हणत असेल तर त्याचे ऐकू नका.

पण मला आज दुसरा हिशेब मांडायचा आहे. आपण चौकीची पायरी चढायचे सोडले, त्याचा फायदा कोणाला झाला?

आमच्या गल्लीतली एक बाई एका रात्री माझ्याकडे आली. तिच्या सतरा वर्षांच्या मुलाच्या दंडावर ब्लेडचा वार होता. भांडण गोळ्यांच्या पैशांवरून झाले होते. कुत्ता गोळी म्हणतात ती. ती कोण विकतो, कुठल्या टपरीमागे विकतो, हे तिला माहीत होते. मला माहीत होते. खरे तर सगळ्या गल्लीला माहीत होते. पोलिसांना सांगायचे मात्र कोणाच्या मनातही आले नव्हते. “भाई, तिकडे गेलो तर उलटे माझ्याच पोराला आत घेतील,” ती म्हणाली.

तरी आम्ही दोघे गेलो. बाकावर दोन तास बसवले. मग हवालदाराने विचारले, “कुठली वस्ती?” वस्तीचे नाव ऐकले आणि त्याने वही बंद केली. उद्या या म्हणाला. दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जण गेलो, लेखी तक्रार घेऊन. या वेळी तक्रार घेतली, पोहोचही दिली. मी खूष होतो. महिना गेला नाही तोच बाजारात त्या बाईला एकाने अडवून विचारले, “चौकीवर तूच गेली होतीस ना?” तिचे नाव ठाण्यातूनच बाहेर गेले होते. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही, आणि तिचे चुकते असे मला वाटत नाही.

ही गोष्ट मी भिवंडीकडे येण्यासाठी सांगितली. १९७० आणि १९८४, दोन्ही वेळा भिवंडीने भयंकर दंगल पाहिली. यंत्रमागाचे शहर, दाटीवाटीची वस्ती, बाहेरून आलेला कामगार. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा सगळ्यांना वाटले, आता भिवंडी. पण भिवंडी शांत राहिली, जानेवारीतही राहिली. १९८८ साली सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले होते. त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, सत्तरच्या आसपास. त्यांच्यानंतर आलेल्या गुलाबराव पोळ यांनी त्या मोडल्या नाहीत, चालू ठेवल्या. माझ्या मते ही दुसरी गोष्टही पहिलीइतकीच मोठी आहे, कारण आपल्याकडे साहेबाची बदली झाली की साहेबाची योजनाही बदलून जाते.

शांतता समिती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. सणाच्या दोन दिवस आधी ठाण्यात खुर्च्या मांडतात. तेच माजी नगरसेवक, तेच दोन मौलाना, तेच मंडळाचे अध्यक्ष. चहा-बिस्किटे होतात, फोटो निघतो, सगळे भाईचाऱ्यावर बोलतात आणि घरी जातात. गोळीवाल्याचे नाव तिथे निघत नाही. निघणार कसे? कधी कधी त्याचा माणूसच पुढच्या खुर्चीवर असतो!

भिवंडीच्या कमिट्यांत माणसे साधी होती. दोन्ही धर्मांची, त्याच मोहल्ल्यात राहणारी, मागावर काम करणारी, दुकान चालवणारी. ज्या शिपायाकडे तो भाग सोपवला होता तो त्यांच्यात बसायचा. आणि बोलणे कशावर व्हायचे? रोजच्या कटकटींवर. दारूडे, नळावरचे भांडण, शेजाऱ्यांची कुरबूर. एकात्मतेची भाषणे नव्हती. पण वर्षभर नळाच्या भांडणासाठी ज्याच्याशी बोललो, त्याच शिपायाला अफवेच्या रात्री विचारता येते की खरे काय आहे. तोही वस्तीत शिरताना समोरच्या माणसाला नावाने ओळखतो. गर्दी आणि ओळखीची माणसे यांत केवढा फरक असतो, हे हातात काठी असलेल्याला विचारा.

मुंबईने हे दंगलीनंतर शिकले. सतीश साहनी पोलीस आयुक्त असताना, ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने तिथे मोहल्ला कमिट्या झाल्या. मोहल्ल्यातली पोरे आणि पोलीस यांचे क्रिकेटचे सामनेही झाले. कोणी हसेल, पण आपल्या किती पोरांनी पोलिसाला चेंडू टाकला आहे?

आता कडू भाग. याच भिवंडीत जुलै २००६ मध्ये कब्रस्तानाजवळ पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद झाला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले. त्यानंतर जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार केले. गोळीबाराचा निषेध आपण मोठ्याने केला, करायलाच हवा होता. त्या दोन शिपायांबद्दल आपल्या किती सभांत बोलले गेले? त्यांच्याही घरी बायका-मुले होती. त्यांच्याबद्दल गप्प राहून आपण पोलिसांकडे न्याय मागायला गेलो, तर आपला शब्द हलका पडतो. आणि विश्वास एकदा बांधला की कायमचा झाला, हा समजही २००६ ने मोडला.

मग करायचे काय? माझ्या त्या शेजारणीपासून सुरुवात करू. एकट्या बाईने जायचे नाही आणि तिला एकटीला पाठवायचेही नाही. अर्जावर वीस-पंचवीस सह्या हव्यात, म्हणजे ‘तूच ना’ असे कोणाला विचारता येणार नाही. सह्यांत शेजारच्या हिंदू आळीतले लोकही हवेत, गोळ्या त्यांचीही मुले खातात. पोहोच घेतल्याशिवाय उठायचे नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे एफआयआरची प्रत फुकट मिळते, आणि दखलपात्र गुन्हा नोंदवून घेतला नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लिहिता येते. बाईला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी यावे लागते. हे आपल्या बायकांना पाठ हवे. पोलिसानेच गैरवर्तन केले तर त्यासाठी तक्रार प्राधिकरण आहे. सहकार्य करायचे म्हणजे तक्रारीचा हक्क सोडायचा, असे कोणी समजू नये. तक्रार करता येते म्हणूनच तर सहकार्य करायचे.

काही तरुण म्हणतील, ही खबरेगिरी झाली. खबऱ्या अंधारात एकटा जातो, पैसे घेतो आणि कोणाचेही नाव देतो. आपण दिवसाउजेडी, सही करून, आपल्याच पोरांना वाचवायला जाणार आहोत. शेजारी कोण नमाजाला जातो, कोणाकडे पाहुणा आला, असले कोणी विचारले तर सरळ सांगा, ते आमचे काम नाही. ही रेघ पहिल्याच बैठकीत ओढावी लागेल, नाहीतर दुसऱ्या बैठकीला कोणी येणार नाही.

हे सगळे ठाण्यातल्या साहेबाच्या मर्जीवर सोडू नका. तारीख आपण ठरवायची, वही आपण ठेवायची. महिन्याचा पहिला रविवार, सकाळी अकरा. नवा साहेब आला की मागची वही घेऊन भेटायचे आणि अर्धवट राहिलेल्या अर्जांपासून बोलणे सुरू करायचे.

वही मी आणली आहे, मागच्या टेबलावर ठेवली आहे. पहिल्या पानावर गोळ्यांचा अर्ज आहे. माझी सही केली आहे, खाली जागा रिकामी आहे.